कमी फोन वापरणाऱ्यांसाठी प्रीपेड: नंबर चालू कसा ठेवायचा आणि बॅलन्सची गळती कशी थांबवायची

महिन्याला मोजून थोडे कॉल, त्यातले निम्मे समोरूनच आलेले, इंटरनेट बहुतेक घरच्या वायफायवर, आणि ओटीपी येण्यापुरता एसएमएस. ज्यांचा वापर असा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात घरी असणारी वयस्कर मंडळी येतात, फक्त बँकेसाठी दुसरा नंबर ठेवलेले लोक येतात, पहिला फोन घेऊन दिलेली मुलं येतात, आणि ज्यांना फोनवर पडून राहायला आवडतच नाही असेही येतात. प्रीपेड या लोकांसाठी फार चांगली गोष्ट आहे, कारण महिनाअखेरीस बिल येऊन धक्का बसत नाही, जेवढे पैसे आधी भरले तेवढेच जाणार. पण नीट समजून नाही घेतलं तर याच लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात, कारण जाहिराती सगळ्या रोज किती जीबी मिळणार यावरच असतात आणि आपण ते जीबी वापरतच नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. कमी वापर असणारा माणूस रिचार्ज करतो तेव्हा तो मुख्यतः दिवस विकत घेतो. नंबर चालू राहण्याचे दिवस. मिनिटं आणि डेटा त्याच्याबरोबर येतात, ते थोडे कमी-जास्त असले तरी फारसं बिघडत नाही. त्यामुळे प्लॅन बघताना पहिला प्रश्न "किती डेटा?" हा नसावा, "किती दिवस, आणि एका दिवसाला किती पडले?" हा असावा.

पायरी १: आपला खरा वापर बघून घ्या

अंदाजाने सांगू नका, अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेटच्या भागात मोबाईल डेटा किती गेला ते महिन्याप्रमाणे दिसतं, कुठल्या ॲपने किती खाल्ला ते पण दिसतं. महिना कुठल्या तारखेपासून मोजायचा ते तिथेच बदलता येतं, ते तुमच्या रिचार्जच्या तारखेशी जुळवून ठेवा. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पानावर हा आकडा असतो पण तो दर महिन्याला आपोआप शून्य होत नाही, तुम्ही शेवटचं रीसेट कधी केलं तेव्हापासूनचा असतो, म्हणून कित्येक लोकांना तिथे फोन घेतल्यापासूनचा आकडा दिसतो आणि ते उगाच घाबरून मोठा प्लॅन घेतात. अगदी खाली जाऊन रीसेट करा आणि एक महिना थांबा.

कॉलचं म्हणाल तर कॉल लॉग उघडून मागच्या महिन्याचे आपण केलेले कॉल बघा. किती मिनिटं झाली ते लिहाच, पण एकूण किती कॉल केले तेही लिहा, हा आकडा पुढे लागणारे. एसएमएस आपण स्वतः किती पाठवले ते बघा, आलेले मोजायची गरज नाही. आणि डेटा बघताना वायफायचा वेगळा आणि मोबाईलचा वेगळा, कारण घरी वायफाय असेल तर फोनवर दिवसभर काहीतरी चालू असूनही मोबाईल डेटा महिन्याला शे-दोनशे एमबीच्या आत असू शकतो.

डेटाचा अंदाज नसेल तर ढोबळ हिशोब असा. मेसेजिंग ॲपवरचे नुसते लिहिलेले मेसेज म्हणजे काहीच नाही, ते केबीमध्ये जातात. ॲपवरून आवाजी कॉल केला तर मिनिटाला साधारण अर्धा एमबी धरा. व्हिडिओ कॉल त्याच्या कितीतरी पट. आणि साध्या क्वालिटीचा व्हिडिओ बघायला बसलात तर तासाभरात अर्धा जीबीच्या पुढे सहज जातो, एचडी असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे बाहेर असताना व्हिडिओ बघत नसाल तर तुम्हाला रोजच्या जीबीची गरज नाही.

पायरी २: प्लॅन निवडणे

प्रीपेडमध्ये ढोबळ तीन प्रकार सगळीकडे सापडतात. एक म्हणजे नुसता बॅलन्स भरायचा आणि जसं वापराल तसं कापलं जाणार. दुसरा म्हणजे पॅक, ठराविक दिवसांसाठी इतकी मिनिटं, इतके एसएमएस, इतका डेटा. तिसरा पण पॅकच, फक्त लांब मुदतीचा, सहा महिने किंवा वर्षाचा. अगदीच कमी वापर असेल तर पहिला किंवा तिसरा बघा. मधला छोट्या मुदतीचा पॅक दिसायला स्वस्त असतो पण वर्षाचा हिशोब केला की तोच महाग पडतो.

हिशोब कसा करायचा? पॅकची किंमत भागिले दिवस. एवढंच. आणि हो, महिन्याचा पॅक म्हणून जो सांगतात तो ३० दिवसांचा आहे का २८ चा ते आधी वाचा. २८ दिवसांचा असेल तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज करावे लागतात, कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाच्या पॅकशी तुलना करताना एका रिचार्जची किंमत १३ ने गुणा, १२ ने गुणलंत तर तुलनाच चुकली.

नुसत्या बॅलन्सवाल्या प्रकारात एक गोष्ट नक्की विचारा: बॅलन्सला स्वतःची मुदत आहे का? काही कंपन्यांमध्ये पैसे वापरा नाहीतर नका वापरू, ठराविक दिवसांनी ते संपतात. काहींमध्ये मुदत संपायच्या आत पुन्हा रिचार्ज केला तर जुना उरलेला बॅलन्स पुढे येतो आणि एक दिवस जरी उशीर झाला तरी सगळा जातो. कमी वापरणाऱ्याकडे बॅलन्स साठतच जातो, त्यामुळे या एका नियमावर वर्षाचा सगळा फायदा-तोटा ठरतो.

आणखी तीन प्रश्न आहेत, ते प्लॅन घ्यायच्या आधीच विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

येणाऱ्या कॉलचे मिनिट कापतात का? बहुतेक देशांत कॉल करणारा पैसे देतो, पण अमेरिका-कॅनडात जुन्या पद्धतीच्या मिनिटवाल्या प्लॅनमध्ये आलेल्या कॉलची मिनिटं पण मोजतात. तिथे राहायला गेलेल्या आई-वडिलांसाठी प्लॅन घेताना हे विसरू नका, कारण ते स्वतः कमी कॉल करतात पण त्यांना खूप येतात.

दुसरा प्रश्न, कॉल सेकंदावर मोजतात की मिनिटावर? इथे ते कॉलची संख्या लिहिली होती ना, ती कामाला येते. समजा दिवसात पाच छोटे कॉल केले, प्रत्येकी २० सेकंदांचे, "खाली आलोय", "पोचलो", "गेट उघड" असे. सेकंदावर मोजलं तर १०० सेकंद. मिनिटावर मोजलं तर प्रत्येक कॉल पूर्ण एक मिनिट धरणार, म्हणजे पाच मिनिटं, ३०० सेकंद. तिप्पट. ६१ सेकंदांचा कॉल झाला तर दोन मिनिटं. कमी बोलणाऱ्या माणसाचे कॉल बहुतेक असे तुटक असतात म्हणून त्याला सेकंदावर मोजणारा प्लॅन दर थोडा जास्त असला तरी परवडतो. उलट तुमचे कॉल थोडेच पण आठवड्यातून एकदा तासभर बोलणं असं असेल तर हा फरक जवळजवळ राहतच नाही.

तिसरा, मुदत संपल्यावर नक्की काय होतं? लगेच सगळं बंद होतं, का आधी आउटगोइंग जातं आणि काही दिवस इनकमिंग राहतं, आणि नंबर कायमचा कधी जातो. हे कंपनीप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलतं, कस्टमर केअरला विचारा आणि उत्तर कागदावर लिहून ठेवा.

एक सल्ला माझा ठाम आहे. वर्षाचा पॅक कितीही स्वस्त दिसला तरी नव्या कंपनीचा पहिला रिचार्ज सगळ्यात छोटा करा. ज्या खोलीत तुम्ही झोपता, जिथे कामाला बसता, जिथे नेहमी जाता तिथे कॉल लावून बघा, लागतो का, आवाज तुटतो का. समाधान झालं की मग लांब मुदतीचा घ्या. वर्षाचे पैसे आधी भरून बसलात आणि घरात रेंज नाही असं कळलं तर ते पैसे परत मिळवणं फार कठीण. ज्या छोट्या कंपन्या स्वतःचे टॉवर न लावता मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा देतात त्यांचे प्लॅन कमी वापरणाऱ्यांसाठी बरेचदा चांगले असतात. पण कुठल्या कंपनीचे टॉवर वापरतात ते विचारा आणि त्या कंपनीची रेंज तुमच्याकडे कशी आहे ते बघा.

पायरी ३: हँडसेट चालणार का ते तपासा

कमी वापरणारे लोक फोनही जुनाच वापरतात, म्हणून हे लिहावं लागतंय. पहिली गोष्ट, फोन एखाद्या कंपनीला लॉक केलेला आहे का. हप्त्यावर किंवा प्लॅनसोबत घेतलेला फोन असेल तर शक्यता असते, दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की ते स्वीकारत नाही. ओळखीच्या कुणाचं दुसऱ्या कंपनीचं सिम दोन मिनिटं घालून बघितलं की कळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जुनी २जी आणि ३जी नेटवर्कं एकेका देशात बंद होत चाललीत. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ पर्यंत ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये बंद झालं. जिथे असं झालं तिथे साधा कॉल पण ४जीवरूनच जातो, त्याला व्होल्टे म्हणतात, आणि फोनमध्ये ते नसेल तर इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही अशी विचित्र परिस्थिती होते. इमर्जन्सी कॉल पण अडकू शकतो. त्यामुळे वर्षाचा पॅक घ्यायच्या आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये व्होल्टे किंवा ४जी कॉलिंग असा पर्याय दिसतो का ते बघा आणि कंपनीला तुमचं मॉडेल सांगून विचारा. *#०६# डायल केलं की फोनचा १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो, तो सांगितला की त्यांना मॉडेल कळतं. हा नंबर एरवीही लिहून ठेवा, फोन हरवला तर लागतो.

पायरी ४: सिम घालायच्या आधी डेटा बंद करा

हे बहुतेक कोणी सांगत नाही. नवीन सिम घातलं, बॅलन्स भरला, आणि फोन खिशात ठेवला, की तो तिथल्या तिथे मागे राहिलेली सगळी ॲप अपडेट करायला लागू शकतो, फोटोंचा बॅकअप घ्यायला लागू शकतो. नुसत्या बॅलन्सवाला प्लॅन असेल तर पहिल्या तासात भरलेले पैसे जाऊ शकतात आणि तुम्हाला कळत पण नाही कशाने गेले. म्हणून आधी वायफायवर राहून अपडेट सगळी उरकून घ्या, मोबाईल डेटाचं बटण बंद करा, मग सिम घाला.

त्यानंतर एकदाच बसून पुढच्या गोष्टी करून टाका. ॲप स्टोअरमध्ये "फक्त वायफायवर अपडेट" निवडा. फोटो बॅकअप फक्त वायफायवर. मेसेजिंग ॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होतात ते मोबाईल डेटासाठी बंद करा, ग्रुपमधल्या सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओच किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर चालू करा, आयफोनमध्ये लो डेटा मोड. आयफोनमध्ये आणखी एक वायफाय असिस्ट नावाचं बटण मोबाईल डेटाच्या पानाच्या अगदी तळाशी असतं, ते मुळात चालूच येतं, आणि वायफाय कमजोर झालं की फोन न विचारता मोबाईल डेटा वापरायला लागतो. तुम्हाला वाटतं आपण वायफायवर आहोत आणि इकडे बॅलन्स उतरत असतो. ते बंद करा. काही अँड्रॉइड फोनमध्ये पण असंच बटण वायफायच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये असतं.

मग मोबाईल डेटा लागेल तेव्हाच हाताने चालू करायचा, काम झालं की बंद. सुरुवातीला कंटाळा येतो, आठवडाभरात सवय होते. नकाशा लागणार असेल तर निघायच्या आधी वायफायवर त्या भागाचा नकाशा डाउनलोड करून घ्या, रस्ता दाखवायला जीपीएसला डेटा लागत नाही.

पायरी ५: गळती कुठून होते

प्रीपेडचा बॅलन्स आपोआप संपतो अशी तक्रार खूप ऐकू येते. आपोआप काही जात नाही, कुठूनतरी जात असतं, आणि ते शोधायची पद्धत सोपी आहे. रात्री झोपताना बॅलन्स बघा, डेटा बंद करून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. डेटा बंद असताना, एकही कॉल न करता बॅलन्स कमी झाला असेल तर बहुतेक वेळा एखादी सेवा चालू झालेली आहे. कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट अलर्ट, गेम, असं काहीतरी.

माझ्या मावशीच्या बटणवाल्या फोनवर हेच चाललं होतं. रोज एकाच रकमेची कपात, बरोबर एकाच वेळेला. मेसेज बॉक्समध्ये शेकडो न वाचलेले मेसेज होते, त्यात खाली-खाली जात गेलो तेव्हा "आपली सेवा सुरू झाली आहे" असा एक सापडला, आणि त्याच मेसेजच्या शेवटच्या ओळीत ती बंद कशी करायची तेही लिहिलेलं होतं. तिने काही मागवलेलं नव्हतं, स्क्रीनवर आलेल्या चौकटीत ओकेचं बटण दाबलं गेलं एवढंच. तेव्हापासून तिच्या फोनवर असे कंपनीचे मेसेज आले की ती न वाचता ठेवत नाही, मला दाखवते. तुम्हीही कस्टमर केअरला फोन करून सरळ सांगा की माझ्या नंबरवर कुठलीही पैसे कापणारी सेवा सुरू करायची नाही, बऱ्याच कंपन्यांमध्ये ती सोय कायमची बंद करता येते.

त्याच बटणवाल्या फोनमध्ये दुसरी गळती असते. मधलं बटण किंवा वरचं बटण चुकून दाबलं की ब्राउझर उघडतो आणि थोडासा डेटा जातो. सेटिंगमध्ये जाऊन त्या बटणाला दुसरं काहीतरी लावा, अलार्म किंवा टॉर्च, नाहीतर कंपनीला सांगून त्या नंबरवरचं इंटरनेटच पूर्ण बंद करून घ्या.

व्हॉइसमेल (तुम्ही कॉल न उचलल्यावर समोरच्याने ठेवलेला आवाजी निरोप) जिथे चालतं तिथे ते ऐकायला केलेला कॉल पण तुमच्या मिनिटांतून जातो. आणि परदेशात असताना तुम्ही न उचललेला कॉल व्हॉइसमेलला वळला तर त्याचेही पैसे लागू शकतात. बहुतेक नेटवर्कवर ##००२# डायल केलं की सगळे कॉल वळवणे रद्द होतं. पण हे लक्षात ठेवा, असे कोड स्वतः समजून वापरायचे, अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला कोड कधीच डायल करायचा नाही, कारण कॉल वळवण्याच्या कोडनेच लोक तुमचे ओटीपीचे कॉल स्वतःकडे नेतात.

अनोळखी परदेशी नंबरवरून एकच रिंग येऊन कट झाली तर परत फोन लावू नका. ही जुनी फसवणूक आहे, परत लावलेला कॉल महागड्या नंबरवर जातो आणि प्रीपेडचा सगळा बॅलन्स एका कॉलमध्ये संपू शकतो. देशाच्या सीमेजवळ राहत असाल किंवा फिरायला गेला असाल तर पलीकडच्या देशाचं नेटवर्क फोन आपणहून पकडतो, तिथे रोमिंग बंद ठेवा. जहाजावर पण जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं आणि ते फार महाग असतं, विमान मोड लावून टाका.

एसएमएसबद्दल थोडं, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

एसएमएस इंग्रजी अक्षरांत लिहिला तर एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत लिहिला तर ७० च. आणि मोठा मेसेज तुकड्यांत जातो तेव्हा देवनागरीत प्रत्येक तुकड्यात ६७ उरतात, कारण थोडी जागा तुकडे जोडायला लागते. इथे अक्षर म्हणजे आपण मोजतो तसं नाही, काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह सगळं वेगळं मोजतात, "नमस्कार" सात होतो. म्हणजे १५० अक्षरांचा मराठी निरोप तीन एसएमएसच्या पैशात जातो. इंग्रजी मेसेजमध्ये एक जरी इमोजी टाकला तरी त्याची मर्यादा पण ७० वर येते. मराठीत लिहू नका असं मी मुळीच म्हणणार नाही, मी स्वतः मराठीतच पाठवतो, फक्त एसएमएस मोजून मिळत असतील तर छोटा लिहा, "पोचलो, संध्याकाळी फोन करतो" इतका.

एसएमएसच्या ॲपमधून फोटो पाठवू नका, काही फोनवर ग्रुपला लिहिलेला मेसेज पण, हे एमएमएस (फोटो वगैरे नेणारा वेगळ्या प्रकारचा मेसेज) म्हणून जातात आणि ते बहुतेक पॅकमध्ये मोजलेलेच नसतात, वेगळे पैसे कापतात. आयफोनवाल्यांनी आणखी एक बघा, आयमेसेज आणि फेसटाइम (आयफोनची स्वतःची मेसेजची आणि व्हिडिओ कॉलची सोय) चालू करताना फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो, तो परदेशी दराने कापला जाऊ शकतो. नवीन सिमवर एवढासा बॅलन्स गेलेला दिसला तर घाबरू नका, तो बहुतेक हाच.

पायरी ६: तारीख

कमी वापरणाऱ्यांचं नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं. फोन हातात फारसा नसतो म्हणून आठवणीचे मेसेज बघितले जात नाहीत आणि एक दिवस कळतं की ओटीपी येत नाहीये.

रिचार्ज केल्या केल्या संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि रिमाइंडर त्याच दिवसाचा न लावता चार-पाच दिवस आधीचा लावा, मुदत कधी कधी रात्री बारालाच संपते, काही ठिकाणी तुम्ही रिचार्ज ज्या तासाला केला त्या तासाला. घरातल्या मोठ्यांचा नंबर असेल तर तारीख तुमच्या पण कॅलेंडरमध्ये टाका. कागदाची छोटी चिठ्ठी फोनच्या कव्हरच्या आत सरकवून ठेवली तर तीही चालते, त्यावर तारीख, स्वतःचा नंबर आणि कस्टमर केअरचा नंबर. स्वतःचा नंबर लिहायला लाजू नका, दुसरा नंबर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मुदतीच्या आत रिचार्ज केला तर नवे दिवस जुन्यात मिळवले जातात, का जुने संपल्यावर नवा पॅक सुरू होतो, का जुना तिथेच रद्द होऊन नवा आजपासून लागतो, हे पहिल्यांदा रिचार्ज करायच्या आधी विचारून घ्या. तिसरा प्रकार असेल तर फार आधी रिचार्ज करणं म्हणजे उरलेले दिवस फुकट घालवणं.

दुसरं सिम नुसतं कपाटात किंवा फोनच्या दुसऱ्या खाचेत ठेवलंय त्यांनी एक लक्षात घ्या, बऱ्याच कंपन्या रिचार्ज असण्याबरोबर नंबर वापरात आहे का हेही बघतात. महिन्यातून एकदा त्या सिमवरून एक कॉल किंवा एक एसएमएस करा. कॉल करताना फोन कुठलं सिम निवडतोय ते बघा, नाहीतर पहिल्याच सिमवरून जाईल आणि दुसरं तसंच पडून राहील.

ऑटो-रिचार्ज लावावा का? वर्षाच्या पॅकसाठी मी लावत नाही, कारण वर्षभरात कार्ड बदललेलं असतं, प्लॅनची किंमत बदललेली असते. छोट्या मुदतीच्या पॅकसाठी, आणि त्यातही परगावी राहणाऱ्या आई-वडिलांच्या नंबरसाठी, जरूर लावा.

पायरी ७: सिमची आणि पैशांची काळजी

रिचार्ज कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून, साइटवरून किंवा ओळखीच्या दुकानातून करा. "आज रात्री तुमचा नंबर बंद होणार, या लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आला तर लिंकला हात लावू नका, ॲप उघडून तारीख स्वतः बघा. तारीख तुमच्याकडे लिहिलेली असली की असल्या मेसेजची भीती वाटत नाही. रिचार्ज करताना नंबर दोनदा वाचा, एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्या कुणाच्या फोनवर जातात आणि परत मिळणं अवघड असतं.

सिमला पिन लावा, विशेषतः बँकेचा नंबर असेल तर. फोनला लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि ओटीपी त्याला येतात, पिन असेल तर येत नाहीत. फक्त पिन लावताना पीयूके नंबर (अडकलेलं सिम उघडायचा नंबर) आधी जपून ठेवा, तो आठ आकडी असतो आणि सिम ज्या कार्डातून निघतं त्यावर छापलेला असतो किंवा कंपनीच्या ॲपमध्ये मिळतो. तीनदा पिन चुकला की पीयूके मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं गेलं.

बॅलन्स शून्य असला तरी सिम चालू असेपर्यंत इमर्जन्सी नंबर बहुतेक सगळीकडे लागतो, हे घरातल्या लहानांना आणि मोठ्यांना दोघांनाही सांगून ठेवा, "बॅलन्स नाही म्हणून फोन केला नाही" असं कुणाचं होऊ नये.

नंबर सोडायचा असेल किंवा कंपनी बदलायची असेल तर

नको असलेला नंबर नुसता रिचार्ज न करता मरू देऊ नका. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो, आणि तुमच्या बँकेचे, ईमेलचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. आधी बसून यादी करा की हा नंबर कुठे कुठे दिलाय: बँक, ईमेल, विमा, सरकारी कागदपत्रं, दवाखाना, मेसेजिंग ॲप. प्रत्येक ठिकाणी नवा नंबर टाका, आणि हे जुना नंबर चालू असतानाच करा, कारण बहुतेक ठिकाणी बदल करायला जुन्याच नंबरवर ओटीपी येतो. व्हॉट्सॲपमध्ये नंबर बदलायचा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो, त्याने ग्रुप आणि अकाउंट नव्या नंबरवर येतं. महत्त्वाच्या अकाउंटना जमेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप (एसएमएसशिवाय फोनमध्येच ओटीपीसारखा कोड दाखवणारं ॲप) लावून ठेवा, मग सगळं एका सिमवर अवलंबून राहत नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जिथे आहे तिथे एकच पथ्य पाळायचं, जुना प्लॅन चालू असतानाच अर्ज करायचा. बंद पडलेला नंबर बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत. जुना उरलेला बॅलन्स नव्या कंपनीकडे येत नाही, त्यामुळे कंपनी बदलायचा अर्ज टाकायच्या आधीच्या आठवड्यात तो वापरून टाका, एखाद्या जुन्या मित्राला निवांत फोन लावा. नवं सिम सुरू होईपर्यंत जुनं सिम फोनमध्येच राहू द्या, मधले काही तास दोन्हीवर सिग्नल नसेल, त्या दिवशी बँकेचं काही काम ठेवू नका.